अध्यापकांचे वेतनेतर उत्पन्न आणि आयकर : वर्गीकरण, आगाऊ कर व काही व्यावहारिक प्रश्न

प्रास्ताविक

वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकाचे उत्पन्न म्हणजे त्याचे वेतन, असे समीकरण सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. वास्तवात प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे, बहिःस्थ परीक्षक म्हणून जाणे, उजळणी वर्गात साधन व्यक्ती म्हणून व्याख्याने देणे, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रकाचे काम करणे, विश्वकोशासाठी नोंदी लिहिणे, भाषांतर, ग्रंथलेखन, तांत्रिक सल्ला अशा अनेक कामांतून त्याला वर्षभर लहानमोठ्या रकमा मिळत असतात. प्रत्येक रक्कम स्वतंत्रपणे पाहिली तर किरकोळ वाटते. त्यांची वार्षिक बेरीज मात्र अनेकदा एका महिन्याच्या वेतनाच्या जवळ जाते, आणि या बेरजेचा हिशेब फारच थोडे अध्यापक ठेवतात. आयकर विभागाकडे मात्र तो असू शकतो. २०२१ पासून उपलब्ध झालेल्या वार्षिक माहिती विवरणात करदात्याच्या स्थायी खाते क्रमांकाशी जोडलेली उद्गम करकपात व इतर कळवलेले व्यवहार एकत्रित दिसतात.

या रकमांसाठी मराठीत ‘मानधन’ हा शब्द रूढ आहे. शब्दातील ‘मान’ या अंशामुळे ही रक्कम करपात्र नसावी, असा एक समज आढळतो. आयकर कायद्याला मात्र हा भेद मान्य नाही. दिलेल्या सेवेच्या बदल्यात मिळालेली रक्कम, तिला मानधन म्हटले, पारिश्रमिक म्हटले किंवा गौरवनिधी म्हटले तरी, उत्पन्नच ठरते. तिच्यावर कर आहे किंवा नाही, हा प्रश्न शिल्लक राहत नाही. ती कोणत्या सदराखाली दाखवायची, हाच खरा प्रश्न असून पुढील बहुतेक गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

प्रस्तुत लेखात कलमांचे उल्लेख आयकर अधिनियम, १९६१ नुसार केले आहेत. २०२५-२६ या वित्तीय वर्षापर्यंतच्या उत्पन्नास तोच अधिनियम लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आयकर अधिनियम, २०२५ अमलात येतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असून ‘मागील वर्ष’ व ‘कर-निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. येथे चर्चिलेली मूळ तत्त्वे मात्र नव्या अधिनियमातही कायम आहेत.

उत्पन्नाचे सदर

अध्यापकाच्या वेतनेतर प्राप्तीचा विचार तीन सदरांखाली होऊ शकतो : वेतन, धंदा वा व्यवसायापासूनचे उत्पन्न आणि इतर मार्गांनी मिळणारे उत्पन्न.

पहिला प्रश्न असा की, पैसे देणारी संस्था नियोक्ता आहे काय? कलम १७ मधील ‘वेतन’ या संज्ञेत वेतनाऐवजी किंवा वेतनाव्यतिरिक्त मिळणारे शुल्कही अंतर्भूत आहे. त्यामुळे स्वतःच्या नियोक्त्याने जादा कामासाठी दिलेली रक्कम वेतनाचाच भाग मानली जाते. येथे महाराष्ट्रातील रचनेमुळे एक बारकावा निर्माण होतो. संलग्न अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकाचे वेतन शासनाच्या अनुदानातून होत असले तरी त्याची नियोक्ता शिक्षण संस्था असते, विद्यापीठ नसते. म्हणून विद्यापीठाने दिलेले उत्तरपत्रिका तपासणीचे पारिश्रमिक त्याच्या बाबतीत इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न ठरते. त्याच कॅप केंद्रावर शेजारच्या टेबलावर बसून तोच गठ्ठा तपासणाऱ्या विद्यापीठ विभागातील प्राध्यापकाला मात्र ते स्वतःच्या नियोक्त्याकडून मिळते आणि वेतनात मिसळते. महाविद्यालय स्वायत्त असेल आणि परीक्षेचे पारिश्रमिक तेच देत असेल, तर संलग्न अध्यापकाचीही स्थिती बदलते.

दुसरा प्रश्न सातत्याचा आहे. वर्षातून दोन-चार व्याख्याने देणे हा व्यवसाय नव्हे. ते उत्पन्न इतर मार्गांच्या सदरात जाते. तथापि कलम २ मधील व्याख्येनुसार ‘व्यवसाय’ या संज्ञेत वृत्तीचाही समावेश होतो. एखादा अध्यापक वर्षानुवर्षे नियमितपणे प्रकाशकांसाठी भाषांतरे करीत असेल, त्यासाठी करार करीत असेल, साधनसामग्री बाळगत असेल, तर ते काम सुट्टीच्या दिवशी होते या कारणाने व्यवसायाबाहेर राहत नाही. किती कामे झाली म्हणजे सातत्य आले, याची संख्या कायद्यात दिलेली नाही. ती नसणे गैरसोयीचे असले तरी योग्यच म्हणावे लागेल, कारण एकच मोठा करार व्यवसाय असू शकतो आणि दहा प्रासंगिक व्याख्याने व्यवसाय नसू शकतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक संस्था व्याख्यात्याला रक्कम देताना कलम १९४-जे खाली, म्हणजे व्यावसायिक शुल्क समजून, करकपात करतात. वार्षिक माहिती विवरणात तशी नोंद दिसताच ते उत्पन्न व्यवसायाच्या सदरातच दाखवले पाहिजे, असे अध्यापकाला वाटते. करकपातीचे कलम हे पैसे देणाऱ्याचे आकलन असते. उत्पन्नाचे सदर ठरते ते प्राप्तकर्त्याच्या कामाच्या स्वरूपावरून. प्रासंगिक व्याख्यानाचे मानधन १९४-जे खाली कपात होऊनही इतर मार्गांच्या सदरात दाखवता येते आणि कापलेल्या कराचे श्रेयही पूर्ण मिळते.

कलम ४४-एडीए : कोणाला लागू, कोणाला नाही

२०१६ च्या वित्त अधिनियमाने आणलेल्या कलम ४४-एडीए नुसार, एकूण प्राप्ती ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास (रोखीची प्राप्ती ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत) प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून जाहीर करून उरलेली निम्मी खर्चापोटी सोडता येते. हिशेबवह्यांची गरज उरत नाही. ही सोय आकर्षक असल्याने मानधन मिळवणारे अनेक अध्यापक आयटीआर-४ भरून तिचा लाभ घेतात, आणि पुष्कळदा करसल्लागारही तसेच सुचवतात.

अडचण अशी की हे कलम सर्व व्यवसायांना लागू नाही. कलम ४४-एए च्या पहिल्या पोटकलमात निर्देशिलेल्या व्यवसायांपुरतेच ते मर्यादित आहे : विधी, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखाशास्त्र, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, तसेच अधिसूचित केलेले चित्रपट कलावंत, कंपनी सचिव, अधिकृत प्रतिनिधी व माहिती तंत्रज्ञान. या यादीत अध्यापन नाही, लेखन नाही, भाषांतर नाही. परिणामी अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकाने इमारतीच्या संरचनेविषयी सल्ला देऊन २ लाख रुपये मिळवले तर तो १ लाखावर कर भरून मोकळा होऊ शकतो. मराठीच्या अध्यापकाने तेवढ्याच रकमेचे भाषांतर केले तर त्याला प्रत्येक खर्चाचा पुरावा देऊनच वजावट घ्यावी लागते. भाषांतरकाराचा खर्च बहुतांशी वेळेचा असतो आणि वेळेची पावती मिळत नाही. विद्याशाखेनुसार पडणारा हा भेद न्याय्य वाटत नाही, पण कायद्याची भाषा स्पष्ट आहे आणि सोयीसाठी तिचा अर्थ ताणणे धोक्याचे आहे.

निर्दिष्ट यादीबाहेरील व्यवसाय असल्यास, आधीच्या तीन वर्षांपैकी कोणत्याही वर्षी त्यातील उत्पन्न २.५ लाख किंवा प्राप्ती २५ लाख रुपयांहून अधिक झाली असेल, तर व्यक्तीला हिशेबवह्या ठेवणे बंधनकारक होते. त्याखालीही साधी जमाखर्चाची वही ठेवणे इष्ट, कारण व्यवसायाच्या सदरात प्रत्यक्ष खर्च, संगणकावरील ४० टक्के घसारा इत्यादी वजावटी मिळतात. इतर मार्गांच्या सदरात कलम ५७ खाली केवळ ते उत्पन्न मिळवण्यासाठीच झालेला महसुली खर्च वजा करता येतो. टंकलेखनाचे बिल, प्रवासाचे तिकीट हे त्यात बसते. घरातील संगणकाची किंमत बसत नाही. शिवाय अशी वजावट घेणाऱ्याला आयटीआर-१ वापरता येत नाही. त्याला आयटीआर-२ कडे जावे लागते. पाचशे रुपयांच्या वजावटीसाठी कोणी हा व्याप करणार नाही. तो केव्हा करणे आवश्यक ठरते, हे पुढे येईल.

करप्रणालीची निवड

२०२३-२४ या वित्तीय वर्षापासून नवी करप्रणाली मूलतः लागू आहे व जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. वेतन व इतर मार्गांचे उत्पन्न असणाऱ्या अध्यापकाला ही निवड दरवर्षी विवरणपत्रातच करता येते. गृहकर्जाचे व्याज मोठे असलेल्या वर्षी जुनी, पुढच्या वर्षी नवी, असा बदल त्याला शक्य आहे. व्यवसायाचे उत्पन्न दाखवताच हे स्वातंत्र्य जाते. जुन्या प्रणालीत जाण्यासाठी मुदतीच्या आत १०-आयईए हा नमुना भरावा लागतो, आणि एकदा बाहेर पडून पुन्हा नव्या प्रणालीत आल्यावर, व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत, परत जुन्या प्रणालीकडे जाता येत नाही. वीस हजारांच्या मानधनासाठी विनाकारण आयटीआर-४ भरणारा अध्यापक नकळत ही निवड गमावत असतो.

ग्रंथलेखकाच्या बाबतीत हा गुंता अधिक वाढतो. वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय ग्रंथाच्या स्वामित्वधनावर कलम ८०-क्यूक्यूबी खाली ३ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. स्वामित्वधन एकरकमी नसल्यास विकलेल्या प्रतींच्या मूल्याच्या १५ टक्क्यांपर्यंतची रक्कमच त्यासाठी विचारात घेतली जाते आणि प्रकाशकाकडून विहित नमुन्यात प्रमाणपत्र घ्यावे लागते. मार्गदर्शिका, भाष्ये, नियतकालिके, पुस्तिका आणि शाळांतील विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तके यांना ही वजावट नाही. कायद्यात ‘शाळा’ असा स्पष्ट शब्द असल्याने पदवी स्तरावरील पाठ्यपुस्तक या अपवादात येत नाही, असा अर्थ शब्दशः निघतो. तथापि ‘गाईड’ वजा पुस्तकाला ग्रंथ म्हणता येणार नाही. ही वजावट केवळ जुन्या प्रणालीत मिळते. तसेच उत्पन्न लेखकाने आपला व्यवसाय करताना मिळवलेले असावे, अशी कलमाची भाषा आहे. म्हणजे वजावट हवी तर जुनी प्रणाली हवी, आणि उत्पन्न व्यवसायाच्या सदरात दाखवले तर जुन्या प्रणालीत जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य नाही. ज्याचे स्वामित्वधन वर्षाला पाच-सात हजार आहे, त्या लेखकाने या वजावटीचा मोह सोडलेला बरा.

करकपातीची मर्यादा व आगाऊ कर

व्यावसायिक शुल्क व स्वामित्वधन यांवरील १० टक्के करकपातीची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजार रुपये झाली. ही मर्यादा प्रत्येक देणाऱ्या संस्थेसाठी वेगळी मोजली जाते. स्थायी खाते क्रमांक न दिल्यास कपात २० टक्क्यांनी होते. मानधनाच्या पावतीवरील तो रकाना रिकामा सोडण्याची सवय म्हणून महाग पडते. या मर्यादेला करमुक्तीची मर्यादा समजणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. ५० हजारांखाली संस्थेने कर कापायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. प्राप्तकर्त्याचे दायित्व त्यामुळे कमी होत नाही. उलट न कापलेला कर स्वतः वेळेवर भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

एक उदाहरण घेऊ. २०२५-२६ या वर्षात एका सहयोगी प्राध्यापकाचे वेतन १८ लाख रुपये आहे. नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता १७,२५,००० रुपयांवर उपकरासह १,५०,८०० रुपये कर होतो आणि तो महाविद्यालयाने वेतनातून कापला आहे. याखेरीज तीन संस्थांकडून व्याख्यानांचे प्रत्येकी २० हजार, विद्यापीठाकडून परीक्षेचे २५ हजार व एका प्रकाशकाकडून भाषांतराचे ७५ हजार, असे एकूण १,६०,००० रुपये त्याला मिळाले. खर्च धरला नाही, तर २० टक्के दराने ३२,००० व त्यावर ४ टक्के उपकर मिळून ३३,२८० रुपये जादा कर होतो. कपात फक्त प्रकाशकाने केली : ७,५०० रुपये. शिल्लक राहिले २५,७८०.

करकपात वजा जाता वर्षाचे दायित्व १० हजार रुपये वा त्याहून अधिक असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के व १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४-एडीए चा लाभ घेणाऱ्याला मात्र १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. उदाहरणातील प्राध्यापकाने काहीच न भरता जुलैमध्ये विवरणपत्रासोबत कर भरला, तर हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४-सी खाली १,२९८ रुपये आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांसाठी कलम २३४-बी खाली १,०२८ रुपये, असे २,३२६ रुपये व्याज पडते. रक्कम मोठी नाही. परंतु ती टाळण्याचा मार्ग अगदी सोपा असूनही फारसा वापरला जात नाही. कलम १९२ (२-बी) नुसार कर्मचारी आपल्या इतर उत्पन्नाचा व त्यावरील कपातीचा तपशील नियोक्त्याला कळवू शकतो. २०२४ पासून त्यासाठी १२-बीएए हा नमुना होता. मग तेवढा जादा कर वेतनातून कापला जातो आणि आगाऊ कराचा प्रश्नच उरत नाही.

हा मार्ग टाळण्यामागे एक न बोललेले कारण असते : कार्यालयाला बाहेरचे काम कळू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील आचारसंहितेनुसार, आपल्या कर्तव्यात बाधा आणू शकेल अशी इतर नोकरी किंवा काम, खाजगी शिकवण्यांसह, अध्यापकाने टाळणे अपेक्षित आहे. परवानगीचा प्रश्न सेवाशर्तींचा आहे व तो त्या पातळीवरच सोडवावा. काम विनापरवाना होते म्हणून त्याचे उत्पन्न करमुक्त होत नाही, आणि विवरणपत्रातून वगळल्याने ते वार्षिक माहिती विवरणातून नाहीसे होत नाही.

बारा लाखांच्या सीमेवर

सर्वाधिक जपून हिशेब करण्याची गरज आहे ती ज्यांचे निव्वळ करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आसपास आहे अशा, बहुधा नव्या, सहायक प्राध्यापकांना. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ६० हजारांपर्यंत सूट असल्याने कर शून्य होतो. समजा, वेतन १२,७५,००० आहे. प्रमाणित वजावटीनंतर नेमके १२ लाख उरतात व कर लागत नाही. आता परीक्षा व व्याख्यानांचे ४० हजार त्यात मिळवले, तर १२,४०,००० वर दरानुसार कर ६६,००० येतो. सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांवरील रकमेइतका, म्हणजे ४०,००० इतका मर्यादित होतो, पण त्यावर उपकर १,६०० लागतोच. थोडक्यात, ४० हजारांच्या मानधनावर ४१,६०० रुपये कर! साधारण १२,७०,५०० रुपयांपर्यंत हीच स्थिती राहते.

पूर्वी उल्लेखिलेला कलम ५७ चा खर्च येथे निर्णायक ठरतो. प्रवास, टंकलेखन इत्यादींचे ८,००० रुपये पुराव्यासह वजा केले, तर कर ३३,२८० वर येतो. आठ हजारांच्या खर्चाने ८,३२० रुपये वाचतात. आयटीआर-२ भरण्याचे श्रम अशा वेळी सार्थकी लागतात.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थिती वेगळी आहे. दोन-तीन महाविद्यालयांत तास घेणाऱ्या या वर्गाला मिळणारी रक्कम वेतन आहे की शुल्क, हे नेमणूकपत्राच्या अटींवर, महाविद्यालयाचे नियंत्रण किती आहे यावर अवलंबून असते. वेतन असेल तर प्रमाणित वजावट मिळते. शुल्क असेल तर मिळत नाही. व्यवहारात काही महाविद्यालये १९४-जे खाली सरसकट १० टक्के कापतात. वार्षिक प्राप्ती ३ लाख असलेल्या अध्यापकाचे, प्रत्यक्ष करदायित्व शून्य असताना, ३० हजारांपर्यंत रुपये अशा रीतीने अडकून राहतात. विवरणपत्र भरल्याखेरीज ते परत मिळत नाहीत.

वस्तू व सेवा कर, व्यवसाय कर

वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक झाल्यासच लागते. वेतन या उलाढालीत धरले जात नाही, त्यामुळे बहुसंख्य अध्यापकांना हा प्रश्न येत नाही. व्यवसाय कराबाबत संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक घेता येत नाहीत; वेतनातून ती रक्कम पूर्ण कापली जात असेल तर बाहेरच्या कामासाठी पुन्हा भरण्याचे कारण उरत नाही.

राहून गेलेले उत्पन्न

मागील वर्षांतील मानधन दाखवायचे राहिले असल्यास अद्ययावत विवरणपत्राची तरतूद आहे. २०२५ च्या वित्त अधिनियमाने तिची मुदत कर-निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली. पहिल्या १२ महिन्यांत कर व व्याजाच्या २५ टक्के, पुढे अनुक्रमे ५०, ६० व ७० टक्के जादा रक्कम द्यावी लागते. उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल ५० टक्के आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल २०० टक्के दंडाची तरतूद पाहता ही किंमत सहन करण्याजोगी आहे. मात्र परतावा मागण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी अद्ययावत विवरणपत्र भरता येत नाही. त्यामुळे कापला गेलेला कर परत हवा असलेल्या तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मूळ विवरणपत्राची मुदत पाळावीच लागते.